रिकामी, बघितली

३ जून

प्रिय मामा,

फोनवर तुला माझं फक्त "हॅलो" ऐकू येतं आणि पुढचं सगळं तू मनाने रचतोस, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी "लिफ्ट बंद पडली" म्हणाले आणि तू आईला कळवलंस की मी नोकरी सोडली. पस्तीस वर्षं बंदुकीच्या आवाजात काढलेल्या कानांना मी दोष देत नाही, पण आईने मला तासभर समजावलं त्याचं काय?

मुद्द्याचं लिहिते. मला तुझा खेळ शिकायचाय.

गेल्या महिन्यात तू तुमच्या क्लबाची स्पर्धा बघायला नेलंस तेव्हा मला वाटलं होतं, माणूस एका जागी उभा राहणार, तबकडी उडणार, तो ती फोडणार आणि आपण टाळ्या वाजवणार. तिथे बघते तर टायमर वाजताच लोक बारा बोअरची बंदूक घेऊन पळतायत, भिंतीच्या कडेने वाकतायत, लोखंडी पाट्या पाडतायत आणि पळता पळता पट्ट्यातून काडतुसं काढून बंदूक भरतायत. मधेच कुणी एकाने नळीचं तोंड जरासं बाजूच्या रेषेपलीकडे नेलं, तर त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं. तो बिचारा पहिला येत होता. मला ते फार आवडलं.

परवाना खात्याचं पत्रक मी दोनदा वाचलं. नवख्याने बंदूक विकत घ्यायची नाही, घरी ठेवायची नाही, रेंजबाहेर हातही लावायचा नाही. आधी बारा महिने एखाद्या परवानाधारकाच्या हमीवर क्लबात यायचं, महिन्याला निदान दोन रविवार, हमीदार शेजारी हवा, बंदूक त्याचीच, वहीत दोघांच्या सह्या. मग अर्ज, डॉक्टरचा दाखला, घराची तपासणी. मधेच हमीदाराचा परवाना गेला तर मोजणी पुन्हा एकपासून.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. माझे हात थरथरत नाहीत म्हणून कंपनी अडकलेल्या लिफ्टवर मला पाठवते आणि बढती दुसऱ्यांना देते. अठरा वर्षं झाली. आता हे हात कुठेतरी घड्याळ लावून मोजले जावेत अशी फार इच्छा आहे. नवरा म्हणाला, "तुझ्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं." म्हणजे त्याची परवानगी आहे, असं मी धरून चाललेय.

होशील का माझा हमीदार?

तुझी,
खार


११ जून

प्रिय खारूताई,

लहानपणी तू कपाटावर चढून बसायचीस तेव्हाच मी तुझ्या आईला म्हणालो होतो, ही पोरगी एक दिवस आपल्याला कामाला लावणार. लावलंस.

होईन हमीदार. पण तीन गोष्टी आधी ऐक. एक, पहिले सहा महिने तू शेवटची येणार आहेस. रडायचं नाही. दोन, नेम हा या खेळातला सोपा भाग आहे. आठ काडतुसं मावतात आणि पाट्या असतात वीस, त्यामुळे जो पटकन भरतो तो जिंकतो. चार काडतुसं एका मुठीत धरून बंदुकीच्या पोटाखालून, काडतुसं साठवायच्या खालच्या नळीत सरकवायची, दोन-दोन करून. पहिल्या दिवशी ती बुटावर पडतात. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या बुटावर.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फेरी संपली की बंदूक उघडी करून तपासनिसापुढे धरायची आणि मोठ्याने म्हणायचं, "रिकामी!" तो आत बघतो, खालच्या नळीत बोट घालून आतली स्प्रिंगची टोपी बोटाला लागते का ते पाहतो (काडतूस उरलं असेल तर ती लागत नाही), आणि मग म्हणतो, "बघितली!" हे दोन शब्द झाल्याशिवाय कुणी पाऊल हलवत नाही. आमच्या क्लबात शिकाऊ माणसालाही तिसऱ्या महिन्यापासून तपासणीला उभं करतात, कारण दुसऱ्याची बंदूक बघून माणूस स्वतःची बघायला शिकतो.

पत्राच्या सुरुवातीला वडीलधाऱ्याने आशीर्वाद लिहायचा असतो, तो राहिलाच. आता खाली जागाही उरली नाही. रविवारी देईन.

तुझा,
मामा


१४ सप्टेंबर

प्रिय मामा,

मुद्दाम लिहून कळवते, कारण रविवारी तुझ्या कानांवर ते आवाज अडवणारे डबे असतात आणि माझा उत्साह वाया जातो. चार काडतुसं भरायला जुलैत मला एकोणीस सेकंद लागत होते. काल अकरा लागले.

घरी बंदुकीशिवाय सराव कसा करायचा, हा प्रश्न होता. परवाना खात्याला मी रीतसर विचारलं, की आत दारू नसलेली खोटी काडतुसं घरी ठेवली तर चालतील का. खात्यातल्या बाईंनी दोन ओळींत उत्तर पाठवलं: परवान्याआधी नाही. ठीक आहे. मी कामावरचा प्लास्टिकचा पाईप कापला, काडतुसाएवढे सोळा तुकडे केले, त्यात वाळू भरून वजन बरोबर केलं आणि दोन्ही तोंडं मेणाने बंद केली. दुसरा जाड पाईप स्वयंपाकघराच्या टेबलाखाली आडवा बांधला. आता रोज जेवणाआधी शंभर वेळा भरते. बाईंना पुन्हा पत्र लिहून हेही कळवलं. त्यांचं उत्तर: "पाईपला परवाना लागत नाही."

खालच्या मजल्यावरच्या काकू मात्र वर आल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे रोज संध्याकाळी काय सांडतं हो?" मी त्यांना करून दाखवलं. त्यांनी स्वतः एकदा भरून पाहिलं, चारही तुकडे पायावर पाडले आणि म्हणाल्या, "अजून पोळ्यांची कणीक मळायची आहे, नाहीतर जमवलं असतं." आता मी खाली सतरंजी घालते.

पहिल्या स्पर्धेत एकवीस जणांत एकविसावी आले ते तू पाहिलंसच. मी रडले नाही. घरी गेल्यावरही नाही. पण एक सांगते, मागच्या रविवारी मला तपासणीला उभं केलं तेव्हा त्यातल्या बाकीच्या वीस जणांनी एकेक करून माझ्यापुढे बंदूक धरली, आणि माझ्या "बघितली"ची वाट बघत थांबले. अठरा वर्षांत माझ्या शब्दासाठी इतकी माणसं कधी थांबली नव्हती.

तुझी,
खार


२ एप्रिल

प्रिय खारूताई,

नऊ महिने झाले, दहावा लागला. वही बघितली, एकही रविवार चुकलेला नाही. मागच्या स्पर्धेत तू नववी आलीस, हे मी पोस्टमनलाही सांगितलं. त्याने न विचारता.

येत्या रविवारी मी येणार नाही. सर्दी आहे. तेरा तारखेचंही नक्की नाही. घाबरू नकोस, वीस आणि सत्तावीस हे दोन रविवार हातात आहेत, महिना बुडणार नाही.

एक गोष्ट शिकवण म्हणून सांगतो. आपल्याकडच्या एका जुन्या माणसाने तेवीस मार्चच्या रविवारी फेरी संपवली, बंदूक घरी नेली, तिजोरीत ठेवली. गुरुवारी साफ करायला काढली तर खालच्या नळीत एक जिवंत काडतूस. चार दिवस भरलेली बंदूक घरात! माणूस आठ भरतो, सात उडवतो आणि मोजणीत चुकतो. वयाचा भाग. काही झालं नाही, एवढंच. तेव्हा मोजत जा. मोजण्यावर विश्वास ठेवू नकोस, बोटावर ठेव.

सर्दी किरकोळ आहे. आईला सांगू नकोस.

तुझा,
मामा


७ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

तेवीस मार्चला तपासणीला मी होते. सकाळच्या फेरीत नऊ जण होते, नऊही बंदुका मी पाहिल्या. प्रत्येक नळीत बोट घातलं, स्प्रिंगची टोपी बोटाला लागली. आठ जणांच्या बाबतीत. नववा तू होतास. तू बंदूक पुढे धरलीस, "रिकामी!" म्हणालास, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून हसत "बघितली!" म्हणाले. बोट घातलंच नाही. तुझ्या नळीत बोट घालायचं म्हणजे तुझा अपमान केल्यासारखं वाटलं असतं, अशी काहीतरी मूर्ख भावना मनात आली असावी. तेव्हा लक्षातही आलं नाही. तुझं पत्र वाचताना आलं आणि मी जिन्यात बसले.

तो जुना माणूस तू आहेस. तुला सर्दीही नाही.

मामा, तुझ्या घरी दर बुधवारी शेजारची मुलं बुद्धिबळ खेळायला येतात. त्या बुधवारीही आली असतील.

तुला क्लबाच्या चिटणिसांना सांगावं लागेल. चूक माझीही आहे, मीही सांगेन. पण आधी तुझ्या तोंडून जायला हवं. मी वीस तारखेच्या रविवारपर्यंत थांबते. तोवर तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

तुझी,
खार


१२ एप्रिल

खारूताईस,

मला शिकवायला निघालीस! तू काडतूस कुठल्या बाजूने धरायचं ते विचारत होतीस तेव्हा माझ्याकडे कपाटभर चषक होते.

डोकं ठिकाणावर ठेवून विचार कर. मी सांगितलं तर ते परवाना काढून घेणार. माझा परवाना गेला की तुझे नऊ महिने पाण्यात. फक्त तीन महिने उरलेत. तेवढे गप्प बस. तुझा अर्ज जाऊ दे, तुझी बंदूक घरी येऊ दे, मग मी स्वतः जाऊन माझी देऊन टाकतो. शब्द देतो. यात कुणाचं काय बिघडतंय?

आणि हो, ही पहिली वेळ नव्हती. विचारणारच होतीस म्हणून सांगतो. डिसेंबरात मी तिजोरीची किल्ली कुलपातच ठेवून दोन दिवस बाहेरगावी गेलो होतो. फेब्रुवारीत एका फेरीत कुठल्या पाट्या पाडल्या आणि कुठल्या राहिल्या तेच आठवेना, मी मधेच उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, बंदूक अडकली. मीही तेच सांगितलं.

माझ्याकडे दुसरं काय आहे, सांग? तुझी मामी गेल्यावर रविवारशिवाय आठवड्यात दुसरा वार नव्हता मला.

मामा


१५ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं शेवटचं वाक्य वाचून मी खूप रडले. एकविसावी आले तेव्हाचंही आत्ताच रडून घेतलं बहुतेक.

तरीही नाही. तीन महिने नाही, वीस तारखेपुढे एक दिवससुद्धा नाही.

लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी आम्ही मुख्य खटका बंद करतो, त्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकतो. कुलूप प्रत्येकाचं वेगळं. आमच्या वर्कशॉपमध्ये एक फार हुशार मिस्त्री होते. त्यांनीच मला सगळं शिकवलं. शेवटी शेवटी ते कुलूप लावायला विसरायला लागले. आम्ही सगळे गुपचूप त्यांच्या मागे जाऊन लावायचो. आदराने. दोन वर्षं आदर केला. मग एक दिवस मागे जाणारं कुणी नव्हतं. ते वाचले, पण त्यांचा पाय गेला, आणि दवाखान्यात ते मला म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलंत?"

तू माझ्यासाठी नऊ महिने दर रविवारी उन्हात उभा राहिलास. तुझ्या खोटेपणावर मिळालेली बंदूक मी तिजोरीत ठेवली तर रोज तिजोरीकडे पाठ करून जेवावं लागेल. मला हा खेळ हवाच आहे, मामा. तुला वाटतं त्यापेक्षा जास्त हवाय. म्हणूनच असा नकोय.

वीस तारखेला सकाळी नऊ वाजता मी क्लबाच्या फाटकाशी असेन. तू आलास तर दोघं आत जाऊ. नाही आलास तर मी एकटी.

तुझी,
खार


१९ एप्रिल

प्रिय खारूताई,

पोस्टाने वेळेत पोचणार नाही म्हणून हे शेजारच्या मुलाच्या हाती पाठवतोय: उद्या फाटकाशी येऊ नकोस. काम झालं.

काल खात्यात गेलो आणि बंदूक, काडतुसं, परवाना, सगळं त्या बाईंच्या टेबलावर ठेवलं. तुझ्या पत्रांना उत्तर देणाऱ्या त्याच. त्यांनी अर्ज पुढे केला. "कारण" असा एक रकाना होता. मी लिहिलं: मोजता येत नाही. त्यांनी वाचलं आणि पेन परत माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "पूर्ण लिहा." मग किल्लीसकट सगळं लिहिलं. पान कमी पडलं. पावती मिळाली, पाकिटात घडी घालून ठेवली आहे.

तिथून चिटणिसांकडे गेलो. त्यांना सांगितलं, की त्या रविवारी मी तपासणी टाळून मागच्या बाजूने निघून गेलो. तुझ्यापुढे बंदूक धरलीच नाही. त्यांनी विश्वास ठेवला. आणि ऐक, पत्रक दोनदा वाचलंस म्हणतेस, पण तळटीप नाही वाचलीस. हमीदाराने स्वतःहून परवाना दिला आणि शिकाऊ निर्दोष असेल, तर क्लब मोजणी पुढे चालू ठेवायची शिफारस करू शकतो. चिटणीस तुझे हमीदार व्हायला तयार आहेत. तुझे नऊ महिने वाचले!

तुझ्या हट्टामुळे मी खरं बोललो. आता माझ्या हट्टामुळे तू एवढं एक गप्प राहा. या म्हाताऱ्याला भाचीसाठी शेवटचं काहीतरी करू दे.

तुझा,
मामा


२८ एप्रिल

प्रिय मामा,

तू रागावणार आहेस, तेव्हा लगेच सांगून टाकते. काल मी चिटणिसांना सगळं सांगितलं.

तळटीप मी वाचली. त्यात "निर्दोष" हा शब्द आहे. मी नाही निर्दोष. तू बंदूक पुढे धरली होतीस, तू "रिकामी" म्हणाला होतास, आणि मी न बघता "बघितली" म्हणाले. तू नियम पाळलास, मी मोडला, आणि तू माझी चूक तुझ्या नावावर लिहून आलास. पस्तीस वर्षांत तू एकदाही तपासणी टाळली नाहीस. मग लोकांनी तुझ्याबद्दल शेवटची ऐकलेली गोष्ट तीच का असावी?

चिटणिसांनी सगळं ऐकून घेतलं. मग भडकले. म्हणाले, "मी शिफारस टाईप करून ठेवली होती. आता ती फाडावी लागणार, कळतंय ना तुला?" मी म्हटलं, कळतंय. त्यांनी माझ्यासमोर कागद फाडला, हजेरीवही काढली, माझ्या नऊ महिन्यांखाली लाल रेघ मारली. मोजणी एकपासून. ती पूर्ण होईपर्यंत तपासणीला उभं राहायचं नाही, आणि दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन पाट्यांना रंग द्यायचा. मी बाहेर पडत होते तेवढ्यात म्हणाले, "हमीदार कोण?" मी म्हटलं, कुणीच नाही. "चार मेला साडेसातला ये," म्हणाले, "आणि रंगाचे हात पुसायला फडकं घेऊन ये, आमच्याकडे नाही."

घरी येऊन मी जिद्दीने पाईप भरायला बसले. सात सेकंद. मग डोळे भरून आले आणि पुढचे चारही खाली पडले. खालून काकूंनी काठीने छत ठोकलं. चालायचंच.

पत्र लिहिशील ना?

तुझी,
खार


१८ मे

प्रिय खारूताई,

मागच्या एप्रिलात तू "पत्र लिहिशील ना" असं विचारलं होतंस. वर्ष आणि वर तीन आठवडे होऊन गेले. तेवढा राग मी काढला. पहिले चार महिने तुझ्यावर, मग स्वतःवर, आणि नंतर राग कशाचा होता तेच आठवेना. माझ्या विसराळूपणाचा एवढा एक फायदा झाला.

रविवारी घरात बसवत नव्हतं म्हणून ऑक्टोबरात क्लबात आलो आणि पडलेल्या पाट्या उभ्या करायचं काम मागून घेतलं. तू रंगाचा डबा घेऊन एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. सात महिने आपण "चहा घेणार का" याच्यापलीकडे बोललो नाही. पण तुझं भरणं मी बघत होतो. शेवटच्या स्पर्धेत चौथी आलीस तेव्हा मी पाट्यांच्या मागे जाऊन नाक शिंकरलं. सर्दी नव्हती.

परवा खात्यातल्या बाई तुझं घर बघून गेल्याचं कळलं. माझ्याकडेही आल्या होत्या. विचारलं, हिला बंदूक द्यावी का? मी म्हटलं, हिच्यामुळे माझी गेली, तेव्हा हिलाच द्या. त्यांनी ते तसंच्या तसं उतरवून घेतलं.

आता खरं ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. काल चिटणिसांनी तुला वर्षानंतर पहिल्यांदा तपासणीला उभं केलं. तू एकेकाच्या नळीत बोट घालत होतीस. चिटणिसांच्याही. त्यांच्या बंदुकीला तर तू सगळ्यात जास्त वेळ लावलास, आणि ते निमूट उभे होते.

फेरी संपली आणि मी पाट्या उभ्या करायला पुढे गेलो. एक गोष्ट मी कधीच कुणाला सांगितलेली नाही, तुझ्या मामीलाही नाही. पुढे जाताना मी दर चार पावलांनी मागे वळून बघायचो. बंदुका रॅकवर, माणसं हात मोकळे सोडून उभी, सगळं नियमाप्रमाणे, तरी बघायचो. छत्तीस वर्षं. मागे इतक्या बंदुका असताना पाठ फिरवून चालणं मला कधी जमलंच नाही.

काल मी शेवटच्या पाटीपर्यंत गेलो. वाकून वीसच्या वीस उभ्या केल्या, एकीचा स्क्रू ढिला होता तो घट्ट केला, सावकाश परत आलो आणि सावलीत पाणी प्यायला बसलो. तेव्हा लक्षात आलं, की मी एकदाही मागे बघितलं नव्हतं.

तुझा,
मामा